राखणीचा पैसा : नाशकात बसून खाडी जपू पाहणाऱ्यांसाठी

"नाशिकच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय?" असं मला पहिल्यांदा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या सीएसआर (नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) अधिकाऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. आपल्याकडून समुद्र गाठायचा तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरावा लागतो, अर्धा दिवस त्यातच जातो.

पण त्र्यंबकच्या डोंगरांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. गोदावरी पूर्वेला वळते आणि सुमारे १४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी, काकिनाड्याजवळ, कोरिंगाचं कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं तिवरांचं जंगल, आहे. वैतरणा त्याच डोंगररांगेत उगवते, पण पश्चिमेला उतरून अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामधल्या मुखातून अरबी समुद्रात शिरते. पेठ-सुरगाण्याकडची दमणगंगा, नार, पार याही पश्चिमेच्याच. वैतरणेचं पाणी वरच अडवून मुंबईला जातं. खाडीपर्यंत गोडं पाणी आणि गाळ किती पोचणार, हे आपल्या उशाशी ठरतं, आणि तिवरांना दोन्ही लागतं. त्या अधिकाऱ्याला मी हेच नकाशावर बोट ठेवून दाखवलं. पैसे त्या वर्षी मिळाले नाहीत, पण "समुद्राचं काय" हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

हा लेख नव्या मंडळींसाठी आहे. पाच-सात मित्र आहेत, पक्षी बघता बघता खाडीचा नाद लागलाय, एक-दोन वेळा किनारा साफ करून झालाय आणि आता "काहीतरी कायमचं करू" असं वाटतंय. अशांनी पैसा कुठून आणायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या क्रमाने आणायचा, ते सांगतो.

आधी दोन वह्या करा

द्राक्षबाग लावलेल्या कुणालाही विचारा. खड्डे, अँगल, तार, ठिबक हा खर्च एकदाचा. तो दिसतो, त्याला बँक कर्जही देते. बाग टिकते ती मात्र दरवर्षीच्या दोन छाटण्यांवर. त्यातही एप्रिलच्या खरड छाटणीला नुसता खर्चच असतो, हातात घड एक येत नाही. ती चुकवली तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला काही अर्थ उरत नाही.

निसर्गसंवर्धनाच्या पैशाचं नेमकं हेच आहे. लावायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. रोप लावतानाचा फोटो निघतो. रोपाला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी सोडवणाऱ्या माणसाचा फोटो कुणी मागत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी दोन वह्या करा. एकीत एकदाचा खर्च : रोपवाटिका, कुंपण, फलक, सर्वेक्षण, प्रशिक्षण. दुसरीत दरवर्षीचा : गावातला राखणदार, होडीचं भाडं, रोपांची तूट भरून काढणं, ऑडिट, प्रवास. समजा गावातलाच एक राखणदार महिना १२,००० रुपयांवर ठेवला. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. होडी, प्रवास, हिशेब मिळून आणखी लाखभर धरा. म्हणजे खाडीचा एक लहानसा तुकडा राखायला वर्षाला अडीच लाख लागतात, आणि ते दरवर्षी लागतात. हा आकडा तुमच्या सगळ्या कामाचा पाया आहे. तो पाठ असू द्या.

आमची चूक सांगतो. पहिल्या प्रकल्पात आमच्याकडे एकच वही होती. एका कंपनीच्या पैशातून दोन हजार रोपं लावली, बॅनर लागले, पेपरात आलं. पुढच्या पावसाळ्यात गेलो तर बोटांवर मोजण्याइतकी उभी होती. काहींवर शेवाळाची चादर चढली होती, काही म्हशींनी तुडवली होती. मुळात जागाच चुकली होती : जिथे तिवरं आपण होऊन कधी वाढलीच नाहीत, अशा उघड्या चिखलात आम्ही ती खोचली होती. गावच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, लावणारे लई येतात. ऱ्हातं कोन?" आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण राहणाऱ्याच्या पगाराची तरतूदच नव्हती.

जागा कुणाची, ते विचारून घ्या

महाराष्ट्रात कांदळवन हा मोकळा माळ नाही. २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०१५ मध्ये त्याला जोडून कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झालं. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं आता राखीव वन आहेत. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या तोडीवर राज्यभर बंदी कायम केली, आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. थोडक्यात, परवानगीशिवाय तोडता तर येत नाहीच, पण वाटेल तिथे लावताही येत नाही.

याचा पैशाशी काय संबंध? थेट आहे. कोणताही शहाणा देणगीदार पहिला कागद मागतो तो जागेच्या परवानगीचा. कक्षाचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि मच्छीमार सहकारी संस्थेची संमती हे तीन कागद फाइलीत नसतील तर प्रस्ताव लिहायला बसूच नका. ठराव मिळवायला तीन-चार फेऱ्या होतात. त्या खर्चाला कुणी पैसे देत नाही, तो खिशातूनच जातो.

जाता जाता : कंपनीच्या माणसाला जागा दाखवायला न्याल तेव्हा तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आम्ही एकदा पौर्णिमेला दुपारी बारा वाजता पाहुण्यांना घेऊन बांधावर उभे होतो. समोर नुसतं पाणी. कांदळवन कुठंय, असं त्यांनी दोनदा विचारलं.

नोंदणी : कंटाळवाणी, पण टाळू नका

नुसत्या मित्रमंडळाला लोकांकडून पैसे गोळा करता येत नाहीत. गणेश मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढतात, ती यासाठीच. वाटा तीन. सोसायटी काढली तर किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. दुसरी वाट सरळ न्यासाची, म्हणजे ट्रस्टची. तिसरी कलम ८ची कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी. तिचं काम ऑनलाइन चालतं, पण दरवर्षीचा अनुपालनाचा खर्च जास्त. नव्यांना मी न्यास किंवा सोसायटीच सुचवतो. धर्मादायचं कार्यालय नाशकातच आहे आणि हेलपाटे मारायला परवडतं.

नोंदणीनंतर लगेच आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन प्रमाणपत्रं. नव्या संस्थेला ती तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळतात. १ एप्रिल २०२६पासून आयकराचा नवा कायदा लागू झालाय, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदललेत. त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून फॉर्म भरू नका, सीएला विचारा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. हे जवळजवळ प्रत्येक लहान संस्था विसरते. मग पाच वर्षांनी मोठा देणगीदार दारात येतो तेव्हा कागदावर विश्वस्त म्हणून असतो तो मित्र, जो केव्हाच कॅनडाला गेलाय.

पहिली तीन वर्षं घराजवळ

हा सल्ला ऐकून मंडळींची तोंडं उतरतात, पण त्याला कारण आहे. सीएसआरच्या नियमांत, कंपनीबाहेरच्या संस्थेला काम द्यायचं तर तिच्याकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नवी संस्था थेट सीएसआर घेऊच शकत नाही. मग ही तीन वर्षं करायचं काय?

नांदूरमध्यमेश्वरला जा. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या पाण्यावर इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामुळे झालेली ही पाणथळ जागा महाराष्ट्राची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे. जानेवारी २०२०मध्ये ती जाहीर झाली. लोणार त्यानंतर, आणि ठाणे खाडी २०२२मध्ये. खारं पाणी नसलं तरी धडे तेच आहेत : गाळ, पाणवेली, मासेमारी करणारी गावं, स्थलांतरी पक्षी, वनविभागाशी वाटाघाटी, पर्यटकांचा कचरा. चापडगावच्या बाजूला गावातलीच पोरं पक्षी दाखवतात, दुर्बीण भाड्याने देतात. पक्ष्यांवर घर चालतं म्हणजे काय, ते तिथे बसून बघा. पाणथळीच्या कामाचे तीन वर्षांचे ताळेबंद, मोजणीचे तक्ते आणि तारखेचे फोटो हीच तुमची खाडीची शिदोरी.

तोवर खाडीत काम करायचंच असेल तर किनाऱ्यावरच्या जुन्या संस्थेच्या हाताखाली करा. पैसा त्यांच्या खात्यात, मेहनत तुमची, आणि अहवालात तुमचं नाव. लेखी करार मात्र करा. दोस्तीत राहिलं की दोस्तीही जाते.

सीएसआर : नीट समजून घ्या, कारण मोठा पैसा इथेच आहे

कंपनी कायदा २०१३चा, सीएसआरचा अंमल १ एप्रिल २०१४पासून. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकामावर खर्चायचे. पर्यावरण, जैविक समतोल, वन्यजीव हे त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कांदळवन बसतं. संस्थेकडे १२ए, ८०जी आणि कंपनी खात्याकडचा सीएसआर-१ क्रमांक हवा. हा क्रमांक १ एप्रिल २०२१पासून सक्तीचा आहे.

इथे नाशिककरांची खरी अडचण सुरू होते. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्याला पालघरची खाडी "परिसर" कशी वाटेल? दोन उपाय मी वापरलेत. पहिला : ज्या कंपनीचा कारखाना नाशकातही आहे आणि तारापूर-बोईसरलाही, ती शोधायची. नाशकातल्या एचआरला भेटायचं, पण प्रस्ताव बोईसरच्या नावाने लिहायचा. दुसरा : काम नदीच्या दोन टोकांना ठेवायचं. त्र्यंबक तालुक्यात वैतरणेच्या पाणलोटात बांधबंदिस्ती आणि झाडं, खाली मुखाशी कांदळवन. वरचा भाग नाशिकची कंपनी देते, खालचा दुसरी कुणी. प्रस्ताव एकच, नदी एकच, खिसे दोन.

आता तीन गोष्टी, ज्या मला फार उशिरा कळल्या.

एक. "आम्ही प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही, कायदाच आहे," असं तुम्हाला ऐकवतील. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. संस्थेने प्रकल्प राबवायला, त्यावर देखरेख ठेवायला नेमलेल्या माणसांचा पगार त्यात मोडत नाही. राखणदाराचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे. "कार्यालयीन" या रकान्यात तो कधीही टाकू नका. "कांदळवन निगराणी" या नावाखाली टाका, कारण तो तेच काम करतो.

दोन. सीएसआरच्या पैशातून तुमच्या संस्थेचा कायम निधी (मुद्दल न मोडता व्याज वापरायची ठेव) उभा करता येत नाही. जानेवारी २०२१च्या दुरुस्तीपासून ते बंद आहे. कुणी तसं कबूल केलं तर त्याला नियम माहीत नाहीत, आणि दोघंही अडचणीत याल.

तीन. कंपनी एखादा प्रकल्प "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करू शकते. ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं. त्या प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि तिथून खर्च करत राहायचं. म्हणजे राखणीला एकदम तीन-चार वर्षांचा पैसा बांधून घेता येतो. बहुतेक नव्या संस्था एका वर्षाचा प्रस्ताव देतात आणि दर वर्षी नव्याने दार ठोठावतात. पहिल्याच पानावर "चालू प्रकल्प, ३६ महिने" लिहा. नाही म्हणाले तर एका वर्षावर या.

प्रस्ताव आठ पानांचा पुरे. किती रोपं लावणार यापेक्षा सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी किती जगलेली दाखवणार ते लिहा. दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखा, तेच चौकोन दरवेळी मोजा, तिथूनच फोटो काढा, ओहोटीच्या त्याच टप्प्यावर. जगण्याचं प्रमाण कमी आलं तरी ते तसंच कळवा. आम्ही एकदा खरा, वाईट आकडा कळवला. कंपनीची पर्यावरण विभागाची मॅडम म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मेलेली रोपं मोजलीयत. त्यांनी दुसरं वर्ष दिलं.

सरकारी योजना, थोडक्यात

थोडक्यात, कारण या योजनांचा पैसा संस्थेला क्वचितच थेट मिळतो. त्यांचा उपयोग दुसऱ्या वहीतला बोजा कमी करायला होतो.

केंद्राची मिष्टी योजना २०२३-२४च्या अर्थसंकल्पात आली, किनारी राज्यांत कांदळवन वाढवण्यासाठी. पैसा वनविभागामार्फत जातो. तुमची जागा आहे ती गावाची समिती उभी करण्यात. राज्याच्या कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजनेत खेकडापालन, कालवपालन, शोभेचे मासे, पर्यटन अशा धंद्यांना अनुदान मिळतं. हे गावाला मिळवून दिलंत तर तिवरं राखणं गावाच्या फायद्याचं होतं, आणि मग राखणदार निम्मा फुकट मिळतो. नांदूरमध्यमेश्वरसारख्या रामसर जागांसाठी २०२३मध्ये तीन वर्षांची अमृत धरोहर योजना जाहीर झाली होती.

वरच्या अंगाला, पेठ-सुरगाण्याच्या पेसा गावांना (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधीतून थेट अबंध पैसा येतो. कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. पाणलोटाच्या कामाला तो लागू शकतो, पण ग्रामसभेला पटलं तरच, आणि तिथे शहरातून आलेल्या माणसाने गप्प बसून ऐकावं. नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक बहुतेक जिल्ह्यांत असतो. पाणलोट आणि बचत गटांसाठी त्याला जरूर भेटा.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, २००२च्या कायद्याने. कागदावर असते. ती जागी करून गावाची जैवविविधता नोंदवही नीट लिहून घेतलीत, तर पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला आयता आधार मिळतो.

लहान, पण दरमहा येणारा पैसा

माझं ठाम मत सांगतो : निदान एका माणसाचा पगार कोणत्याही प्रकल्पावर अवलंबून असता कामा नये. कंपनी गेली, योजना बंद पडली, सरकार बदललं तरी सकाळी ओहोटीला एक माणूस बांधावर दिसला पाहिजे. हा पैसा लहान माणसांकडूनच येतो.

हिशेब सोपा आहे. १०० जणांनी महिना २०० रुपये दिले तर वर्षाचे २ लाख ४० हजार. वरचा अडीच लाखांचा आकडा आठवा. नाशकात शंभर माणसं नाहीत का? ट्रेकिंगवाले, पक्षीवाले, सायकलवाले, कॉलेज रोडवरचे डॉक्टर. यूपीआयवर ऑटोपे लावून घ्या, दर महिन्याला आठवण करून द्यायची लाज वाटते आणि मग राहून जातं. काही जण मध्येच गळतात, म्हणून शंभरासाठी दीडशे नावं जोडा. त्यांना दर तीन महिन्यांनी राखणदाराचा आवाज पाठवा, साधा रेकॉर्ड केलेला : या महिन्यात काय दिसलं, कुणी भराव टाकायचा प्रयत्न केला, कोणते पक्षी आले. आमचा राखणदार पहिल्यांदा बोलला तेव्हा पंधरा सेकंद नुसता वारा ऐकू आला. त्या महिन्यात एकही सभासद गळला नाही. ८०जीची पावती वेळेवर द्या, देणग्यांचं विवरण आजवर ३१ मेपर्यंत भरायचं असतं. दोन हजारांवरची रोख देणगी ८०जीत चालत नाही.

दुसरी पद्धत आपल्या सहकारातली, कपात. साखर कारखाना टनामागे कापतो, दूध संघ लिटरमागे. मच्छीमार सोसायटीने टोपलीमागे काही पैसे किंवा घरगुती निवासवाल्यांनी पाहुण्यामागे वीस-तीस रुपये बाजूला काढले तर तो गावाचा स्वतःचा निधी होतो. वेळास बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२पासून कासवांची घरटी जपायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि घरोघरी पाहुणे उतरू लागले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. जपलेल्या निसर्गाचा पैसा जपणाऱ्याच्याच हातात पडतो, मधे कुणी नाही.

पण एक सावधगिरी. पर्यटनाचा हंगाम चार महिन्यांचा, आणि एक वादळ किंवा एखादी महामारी त्याला आडवं करते. ती गोडी छाटणी समजा. खरड छाटणीसाठी दरमहाचे सभासदच ठेवा.

ठेव

पाच-सात वर्षं टिकलात तर कायम निधीचा विचार करा. २० लाखांची ठेव सात टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४० हजार देते, जवळजवळ एका राखणदाराचा पगार. ऐकायला छान वाटतं, पण महागाईने तोच पगार दहा वर्षांनी पुरणार नाही. त्यामुळे व्याजातला काही भाग दरवर्षी मुद्दलात परत घालावा लागतो, म्हणजे मुळात ठेव तीस-पस्तीस लाखांची हवी. सीएसआर इथे चालत नाही हे सांगितलंच. ही ठेव उभी राहते ती माणसांच्या देणग्यांतून. कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कुणाच्या साठीनिमित्त. देणाऱ्याकडून "ही रक्कम कायम निधीसाठी" असं लेखी घ्या आणि आयकर कायद्याने ठरवलेल्याच जागी ती गुंतवा. पतसंस्थेच्या अर्ध्या टक्क्याच्या मोहात पडू नका. आपल्याकडे बुडालेल्या ठेवींच्या गोष्टी घराघरांत आहेत.

ज्याच्या मागे आत्ता लागू नका

परदेशी पैसा. एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि तेवढ्या काळात मूळ कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. २०२०च्या दुरुस्तीनंतर हा पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे देता येत नाही, आणि खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरावीक शाखेतच उघडावं लागतं. परदेशातल्या मामेभावाने प्रेमाने पाठवलेला धनादेशही तो तिथला नागरिक असेल तर यात मोडतो. परत करा.

कार्बन क्रेडिट, म्हणजे साठवलेल्या कार्बनबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र. चिखलात कार्बन साठतो हे खरं, आणि केनियात गाझी खाडीच्या गावकऱ्यांनी ११७ हेक्टर कांदळवनाच्या क्रेडिटमधून पाणी आणि शाळेला पैसा आणला हेही खरं. पण मोजणी, पडताळणी, जमिनीचा हक्क यात वर्षं जातात आणि खर्च आधी होतो. "शून्य खर्चात क्रेडिट मिळवून देतो" असं म्हणत येणारे दलाल वाढलेत. करारात वीस-तीस वर्षांचे हक्क लिहून मागतात. जमीन राखीव वन असेल तर ते हक्क तुमचे नाहीतच, देणार कुठून?

नको म्हणायची यादी

डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४मध्ये केंद्राने मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटींचा. स्थानिक मच्छीमारांचा विरोध जुना आहे. एवढ्या मोठ्या प्रकल्पाभोवती भरपाईचा, हरित कामांचा पैसा वाहतोच, आणि तो लहान संस्थांच्या दारापर्यंत येतो. घ्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण पैसा येण्याआधी ठरवा. विश्वस्तांच्या बैठकीत ठराव करून लिहून ठेवा : कुणाचा पैसा घेणार नाही, कुणाचा घेतला तर कोणत्या अटीवर. समोर धनादेश असताना तत्त्व ठरवायला बसलं की तत्त्व नेहमी थोडं वाकतं. ज्या गावात काम करता तिथल्या लोकांना त्या देणगीदाराबद्दल काय वाटतं, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आम्ही एकदा विचारलं नव्हतं. मच्छीमार सोसायटीचं दार सहा महिने बंद राहिलं, आणि त्यात दोष सोसायटीचा नव्हता.

वर्षाचं वेळापत्रक

एप्रिल-मेमध्ये कंपन्यांची अंदाजपत्रकं ठरतात, पण तुमचा प्रस्ताव त्याआधी, नोव्हेंबर ते जानेवारीत, टेबलावर हवा. पावसाळ्यात तिवरांची फळं पिकून गळतात, रोपवाटिकेचं काम तेव्हा. सप्टेंबरपर्यंत ऑडिट उरका. हिवाळ्यात पाहुण्यांना खाडी दाखवा, पक्षीही असतात आणि उकाडा नसतो. प्रत्येक प्रकल्पाचं खातं हिशेबात वेगळं ठेवा. एका प्रकल्पाचे पैसे "तात्पुरते" दुसऱ्याला वापरले की उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करताना सीए अडवतो, आणि योग्य करतो. यंदा-पुढच्या वर्षी नाशकात सिंहस्थामुळे गोदेच्या नावाने भरपूर पैसा फिरेल. त्यातलं एखादं काम घ्या, पण तुमच्या दुसऱ्या वहीतला एकही रुपया त्यावर टाकू नका. सिंहस्थ संपला की तो ओघ आटणार.

आणि मार्चमध्ये फोन येईल. "सर, वर्षअखेर आहे, थोडी रक्कम शिल्लक आहे, ३१ तारखेच्या आत हजार रोपं लावता येतील का?" मार्च हा रोपं लावायचा महिना नाही. त्यांना छत्तीस महिन्यांच्या निगराणीचं अंदाजपत्रक पाठवा, सोबत दोन ओळी : हे चालू प्रकल्प म्हणून ३१ मार्चआधी मंजूर करून सुरू करता येईल, उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवता येईल. मी हे पत्र तयारच ठेवलंय, फक्त कंपनीचं नाव बदलतो. गेल्या वर्षी चौघांना पाठवलं. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्यांच्या पैशातून सध्या एक राखणदार बांधावर आहे.